विद्यार्थ्यांचे भिन्नत्व आणि शिक्षकांची तयारी

१. प्रश्नाचे स्वरूप

'एका वर्गातील सर्व मुले सारखी नसतात' हे विधान शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आरंभीच आढळते. अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापक ते परीक्षेत लिहितात, आणि ते अमान्य करणारा शिक्षक शोधूनही सापडणार नाही. असे असता प्रत्यक्ष वर्गात मात्र बहुधा एकच पाठ, एकाच गतीने, एकाच पुस्तकातून, जणू एकाच मुलासाठी चाललेला दिसतो. जे सर्वांना मान्य आहे ते आचरणात का उतरत नाही, आणि ते उतरावे म्हणून शिक्षकांच्या शिक्षणात कोणता बदल केला पाहिजे, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारा 'असर' हा अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होत आला आहे. त्याच्या २०२४ च्या पाहणीत, सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के आणि पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ह्याचा अर्थ असा की, पाचवीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या हाती जे पुस्तक आहे ते त्यांना वाचता येत नाही. हे मूल शाळेत हजर असते, फळ्यावरचे वहीत उतरवून घेते, वर्गाबरोबर मोठ्याने म्हणतेही. परंतु दिवसाचे पाच तास त्याच्या समोरून जे जाते त्यातील फारच थोडे त्याचे होते. पुढील वर्षी पुस्तक आणखी एक पायरी वर जाते आणि मूल होते तेथेच राहते. अंतर असे वर्षानुवर्षे साठत जाते, आणि एके दिवशी ते मूल शाळेत येईनासे झाले म्हणजे त्यास 'अभ्यासात गोडी नव्हती' असे म्हटले जाते.

ह्या भिन्नत्वाची कारणे शाळेच्या आत आणि बाहेर दोहोंकडे आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, ह्याने मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद केली. तरतूद न्याय्यच आहे. तथापि तिच्यामुळे वय सारखे पण पूर्वतयारी भिन्न अशी मुले एका बाकावर येतात, हेही खरे. कोणाच्या घरी पुस्तके आहेत, तर कोणी घरातील पहिलेच शिकणारे मूल आहे. ऊसतोडणी कामगारांची मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर गेली की त्यांची निम्मी शाळा बुडते. वारली, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलास पाठ्यपुस्तकाची मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. ह्या साऱ्यांस 'मंदगती' ह्या एकाच नावाने ओळखणे म्हणजे भिन्न रोगांवर एकच पुडी देण्यासारखे आहे.

२. भिन्नत्व कशास म्हणावे

उपायाचा विचार करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गेल्या काही दशकांत अनेक प्रशिक्षणवर्गांतून असे सांगितले गेले की, काही मुले दृक्, काही श्राव्य, तर काही कृतिशील पद्धतीने शिकतात, आणि शिक्षकाने मुलाची 'अध्ययनशैली' ओळखून तदनुरूप शिकवावे. कल्पना आकर्षक आहे, परंतु तिला आधार अपुरा आहे. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेऊन दाखविले की, शैलीशी जुळवून शिकविल्याने मूल अधिक शिकते हे सिद्ध करणारा समाधानकारक पुरावा उपलब्ध नाही. चित्र, वस्तू, बोलणे आणि लिहिणे ह्या सर्वांचा उपयोग बहुतेक सर्वच मुलांस होतो. कोणते साधन वापरावे हे मुलाच्या तथाकथित शैलीपेक्षा शिकविण्याच्या विषयावर अधिक अवलंबून असते. नकाशा श्राव्य पद्धतीने शिकविता येत नाही, आणि कवितेची लय कानांनीच कळते.

ज्या भिन्नत्वास अनुसरून अध्यापन बदलावे लागते ते मुख्यत्वे चार प्रकारचे आहे. पहिले, त्या विषयातील पूर्वज्ञानाचे : मुलास आज काय येते व काय येत नाही. दुसरे, भाषेचे : मुलास विषय कळत नाही की विषयाची भाषा कळत नाही. तिसरे, सरावाच्या गरजेचे : एखाद्यास तीन उदाहरणे पुरतात, दुसऱ्यास तीस लागतात. चौथे, शारीरिक व मानसिक अडचणींचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, ह्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. ह्या चौथ्या प्रकारात अंतिम निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, ते तज्ज्ञाचे आहे. परंतु जे मूल फळ्यावरचे चुकीचे उतरविते ते पहिल्या बाकावर बसविल्यास बरोबर उतरविते काय, एवढे पाहणे कोणत्याही शिक्षकास शक्य आहे, आणि तज्ज्ञाकडे जाण्याची वाट बहुधा अशाच साध्या निरीक्षणातून निघते.

३. एकच उत्तर, दोन कारणे

भिन्नत्वाची जाणीव असणे वेगळे आणि ते प्रत्यक्ष दिसणे वेगळे. हा फरक स्पष्ट करण्यासाठी तिसरीच्या गणितातील एक लहानसे उदाहरण घेऊ. फळ्यावर ५२ − २७ ही वजाबाकी दिली आहे. दोन मुलांनी उत्तर ३५ असे लिहिले. शिक्षक दोघांच्याही वहीत फुली मारतात आणि 'हातच्याची वजाबाकी येत नाही' असा एकच शेरा देतात.

आता ह्या दोघांनी काय केले ते पाहू. पहिल्या मुलाने एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत असे पाहून सरळ ७ मधून २ वजा केले. 'मोठ्यातून लहान काढावयाचे' हा नियम त्याने प्रत्येक घरास स्वतंत्रपणे लावला. उत्तर आले ३५. दुसऱ्या मुलाने एक दशक सुटे करून १२ मधून ७ वजा केले. इथपर्यंत त्याचे बरोबर आहे. परंतु दशकाच्या घरात ५ चे ४ झाले आहेत हे तो विसरला. त्याचेही उत्तर आले ३५. उत्तर एकच, पण पहिल्यास स्थानमूल्याची कल्पनाच नाही, आणि दुसऱ्यास ती आहे, केवळ नोंद ठेवण्याची सवय नाही. पहिल्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून 'मला ह्यांतून सात काड्या दे' असे म्हणावे लागेल, म्हणजे गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देता येत नाहीत हे त्याच्या हातास कळेल. दुसऱ्यास तेच गठ्ठे दाखवून 'एक गठ्ठा सोडलास, आता बांधलेले किती उरले?' एवढाच प्रश्न पुरेल. दोघांस पुन्हा प्रारंभापासून सर्व रीत समजावून सांगितल्यास पहिल्यास ती कळणार नाही आणि दुसरा कंटाळेल.

ह्या दोघांत भेद कसा करावा? त्यांस ५० − २७ हे उदाहरण द्यावे. पहिला ० व ७ ह्यांतील मोठ्यातून लहान काढून ३७ लिहील, आणि दुसरा १० मधून ७ काढून ३३ लिहील. एक योग्य निवडलेले उदाहरण दहा उदाहरणांच्या परीक्षेपेक्षा अधिक सांगून जाते ते असे. आणखी एका तिसऱ्या मुलाकडेही लक्ष दिले पाहिजे. त्याचे उत्तर २५, म्हणजे अचूक आहे, परंतु ते त्याने बावन्न रेघा ओढून त्यांतील सत्तावीस खोडून काढले आहे. त्याच्या वहीत बरोबरची खूण होते. प्रत्यक्षात तीन अंकी वजाबाकी आली की तो अडणार, हे शिक्षकास तेव्हाच कळते जेव्हा तो उत्तराऐवजी रीत पाहतो.

मुलांच्या चुका ह्या बेफिकिरीतून होतात असे आपण सहज गृहीत धरतो. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन ह्या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतील अशा चुकांचा बारकाईने अभ्यास करून दाखविले की, पुष्कळ चुकांमागे एक निश्चित, जरी चुकीचा, नियम असतो; मूल तो नियम प्रामाणिकपणे पाळत असते. ह्या संशोधनातून त्यांनी 'बग्गी' नावाचा एक संगणकीय खेळ तयार केला. त्यात संगणक एखादा चुकीचा नियम पाळणाऱ्या विद्यार्थ्याचे सोंग घेतो, आणि छात्राध्यापकाने त्यास निवडक उदाहरणे घालून तो नियम कोणता हे ओळखावयाचे असते. ह्या खेळाचे मर्म संगणकात नाही. चुकीमागचा विचार ओळखणे हे कौशल्य असून ते सरावाने येते, आणि तो सराव शिक्षकास वर्गात जाण्यापूर्वीही देता येतो, हे त्याचे मर्म होय.

वाचनाचेही असेच आहे. एकच परिच्छेद वाचताना चार मुले अडखळतात. एकास अक्षरओळख पक्की नाही. दुसरा 'कमळ', 'मगर' सहज वाचतो, पण वेलांटी आणि उकार आले की थबकतो. तिसरा जोडाक्षरांवर अडतो. चौथा अस्खलित वाचतो, पण काय वाचले असे विचारता त्यास सांगता येत नाही, कारण ती भाषा त्याच्या घरची नाही. ह्या चौघांस 'घरी दहा वेळा वाचून ये' हा एकच गृहपाठ देणे म्हणजे चौघांपैकी कोणासही काही न देणे होय.

४. केवळ मोजमापाने काय साधते

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, शिक्षकांस निदानाची साधने दिली, वारंवार मूल्यमापन करावयास लावले, म्हणजे पुढचे आपोआप होईल. अनुभव तसा नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २००९ च्या अधिनियमानंतर देशभर रूढ झाली. तिचा हेतूच हा होता की, वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी शिक्षकाने मुलाची प्रगती वेळोवेळी पाहावी व त्यानुसार शिकवावे. हरयाणात २०१२-१३ च्या सुमारास ह्या पद्धतीचे शास्त्रशुद्ध परीक्षण झाले, तेव्हा तिच्यामुळे मुलांच्या संपादनात दखलपात्र वाढ झाल्याचे दिसून आले नाही. तक्ते भरले गेले, पण तक्त्यातून जे कळले त्यावरून उद्याचा पाठ बदलला नाही. तापमापक कितीही वेळा लावला तरी त्याने ताप उतरत नाही.

वर्ग लहान केल्यानेही काम आपोआप होत नाही. २००१ पासून मुंबई आणि वडोदरा येथील नगरपालिकांच्या शाळांत 'प्रथम' ह्या संस्थेच्या 'बालसखी' योजनेचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांस रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन, वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी त्यांस प्राथमिक वाचन व गणित शिकवीत असे. ह्या मुलांची प्रगती लक्षणीय झाली. परंतु जी मुले मूळ वर्गात राहिली त्यांचा वर्ग तेवढा वेळ लहान झालेला असूनही त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. कारण उघड आहे : वर्ग लहान झाला, पण पाठ तोच राहिला.

ह्याहूनही उद्बोधक अनुभव बिहारचा आहे. तेथे २००८ च्या उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनी मागे राहिलेल्या मुलांसाठी शिबिरे घेतली. मुलांच्या पातळीपासून आरंभ करून शिकविण्याची पद्धत त्यांस दाखविली होती. काही आठवड्यांतच मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा झाली. पुढे शाळेच्या नियमित वर्षात शिक्षकांस तेच साहित्य व तसेच प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा मात्र परिणाम दिसेना. शिक्षक अकुशल होते म्हणावे तर सुटीत त्यांनी ते काम करून दाखविले होते. अनिच्छुक होते म्हणावे तर शिबिरातील परिश्रम त्यास साक्ष देत नाहीत. फरक होता तो परिस्थितीचा. शिबिरात पाठ्यक्रम नव्हता, इयत्ता नव्हती. मुलास वाचावयास शिकविणे एवढे एकच काम होते. शाळा सुरू होताच पाठ्यपुस्तक परत आले आणि त्याच्याबरोबर ते पुरे करण्याची जबाबदारीही आली.

ही जबाबदारी शिक्षकाने स्वतः ओढवून घेतलेली नाही. उपरोक्त अधिनियमाच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत विहित मुदतीत संपूर्ण पाठ्यक्रम पूर्ण करणे हे एक, आणि प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता अजमावून आवश्यकतेनुसार पूरक अध्यापन करणे हे दुसरे. दोन्ही कर्तव्ये एकाखाली एक लिहिलेली आहेत, आणि दोन्ही योग्य आहेत. परंतु तपासणीस आलेला अधिकारी 'कितवा पाठ चालू आहे?' हा प्रश्न हमखास विचारतो, आणि 'ह्या मुलास कालपर्यंत काय येत नव्हते जे आज येते?' हा प्रश्न क्वचितच विचारतो. ज्या कर्तव्याची विचारणा होते तेच माणूस प्रथम पार पाडतो. त्यात शिक्षकाचा स्वभावदोष पाहण्याचे कारण नाही.

५. शिक्षकांचे शिक्षण कसे व्हावे

वरील अनुभवांतून शिक्षक-प्रशिक्षणाविषयी जो निष्कर्ष निघतो तो असा की, भिन्न गरजांनुसार शिकविण्याची कला व्याख्यानाने येत नाही; ती येण्यास आपलीच मुले, राखून ठेवलेला वेळ आणि ते काम स्वतः केलेला सोबती ह्या तीन गोष्टी लागतात.

आपल्या अध्यापक विद्यालयांतील पाठ-टाचण पाहिले म्हणजे ह्यांतील पहिल्या गोष्टीची उणीव लक्षात येते. टाचणात 'पूर्वज्ञान' असा एक रकाना असतो, आणि त्यात 'विद्यार्थ्यांस दोन अंकी संख्या माहीत आहेत' अशा प्रकारचे एक वाक्य लिहिले जाते. हे वाक्य कोणास विचारून लिहिले? बहुधा कोणासही नाही. 'विद्यार्थी-कृती' ह्या रकान्यातला विद्यार्थीही एकच असतो आणि तो नेहमी अपेक्षित उत्तर देतो. ज्या टाचणात चुकणाऱ्या मुलास जागाच नाही, ते टाचण काढण्याची सवय झालेला शिक्षक पुढे वर्गात चुकणाऱ्या मुलापुढे गोंधळला तर नवल नाही. म्हणून पहिली सुधारणा अगदी अल्पखर्चाची आहे : छात्राध्यापकाने सराव-पाठापूर्वी त्याच वर्गातील पाच-सहा मुलांशी बोलून, त्यांच्याकडून वाचवून घेऊन व दोन-चार उदाहरणे सोडवून घेऊन पूर्वज्ञानाचा रकाना भरावा, आणि अपेक्षित उत्तराशेजारी 'संभाव्य चुकीची उत्तरे व त्यांमागील विचार' असा आणखी एक रकाना ठेवावा. सेवेतील शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हेच तत्त्व लागू आहे. त्यांनी येताना आपल्या वर्गातील वह्या आणाव्यात. चर्चा वह्यांवर व्हावी.

पातळी अजमावण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. 'असर' पाहणीतील वाचनाची चाचणी एका कागदावर मावते : अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. प्रत्येक मुलास एकट्याने जवळ बसवून वाचावयास दिले जाते. एका मुलास चार मिनिटे धरली तरी तीस मुलांस दोन तास पुरतात. वर्षारंभी दिलेले हे दोन तास पुढील दोनशे दिवसांची दिशा ठरवितात.

दुसरी गोष्ट राखून ठेवलेल्या वेळाची. हरयाणात २०१२-१३ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात शाळेच्या दिवसात एक तास वाढविण्यात आला. त्या तासात तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेनुसार न बसता वाचनाच्या पातळीनुसार बसत, आणि शिक्षक त्या त्या गटास शिकवीत. त्या तासापुरते पाठ्यपुस्तक बाजूस ठेवण्यास शासनाचीच संमती होती. मूल्यमापनाच्या पद्धतीने ज्या राज्यात काही साधले नव्हते त्याच राज्यात ह्या तासाने मुलांचे हिंदी वाचन-लेखन सुधारले. शिक्षकास दोन कर्तव्यांपैकी एकाची निवड करावी लागली नाही, कारण दुसऱ्यास वेळापत्रकात स्वतःची जागा मिळाली.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. हरयाणातील शिक्षकांस मार्गदर्शन करणारे गटस्तरावरील समन्वयक होते. त्यांना प्रथम प्रशिक्षण देण्यात आले, आणि त्यानंतर त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस प्रत्यक्ष शाळेत जाऊन ह्या पद्धतीने मुलांस शिकविले. मगच त्यांनी इतरांस शिकविण्यास प्रारंभ केला. ह्या क्रमाचे महत्त्व सांगावे तेवढे थोडे. आपल्याकडे प्रशिक्षण राज्यस्तरावरून जिल्ह्यास, जिल्ह्यातून तालुक्यास, तालुक्यातून केंद्रास असे उतरत येते, आणि प्रत्येक पायरीवर त्यातील काही गळून पडते. शेवटी शिक्षकासमोर उभा राहतो तो ऐकलेले ऐकविणारा. ज्याने अडलेल्या मुलास स्वतः वाचते केले आहे त्याच्या सल्ल्यास वेगळेच वजन येते. त्यास शिक्षकाच्या अडचणी ठाऊक असतात, आणि 'आपल्याच्याने हे होणार नाही' असे म्हणणाऱ्या शिक्षकापुढे तो खडू हातात घेऊन करून दाखवू शकतो.

महाराष्ट्रात ह्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. केंद्रप्रमुखाचे पद आहे, केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेची प्रथा आहे. प्रत्येक केंद्रप्रमुखाने वर्षातून सलग तीन आठवडे आपल्या केंद्रातील एका शाळेत मागे राहिलेल्या मुलांच्या गटास शिकवावे, आणि शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनास अर्धा तास व मुलांच्या वह्यांस दोन तास द्यावे, एवढा बदल जरी झाला तरी तपासणीस येणाऱ्या माणसाचा प्रश्न बदलेल.

शिक्षक स्वतः ह्या कामाचे साहित्य निर्माण करू शकतात, हेही अनुभवाने सिद्ध आहे. कर्नाटकातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली 'नलि-कलि' योजना ह्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील शिक्षकांच्या एका गटाने आंध्रातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळा पाहिल्या. त्या शाळांत एकाच खोलीत अनेक इयत्तांची मुले कार्डांच्या क्रमवार शिडीवरून आपापल्या गतीने पुढे जात असत. परत येऊन ह्या शिक्षकांनी आपल्या भाषेत, आपल्या मुलांसाठी कार्डे तयार केली. जे साहित्य शिक्षकाने स्वतः घडविले असते त्यातील प्रत्येक पायरी तेथे का आहे हे त्यास ठाऊक असते, आणि म्हणून एखादे मूल पायरीवर अडले की पुढे काय करावे हेही त्यास सुचते. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे जे काम केले त्याचेही मर्म हेच होते. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली, आणि परिसरातील पाने, बिया, शिंपले हेच शिक्षणसाहित्य केले. मुलास शाळेच्या मापाचे करण्याऐवजी त्यांनी शाळा मुलाच्या मापाची केली.

६. गटांविषयी सावधानता

पातळीनुसार गट करण्यात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्या शाळांत मागे पडलेल्या मुलास 'ढ' म्हणण्याची जुनी चाल आहे. ब्राह्मी लिपीपासून ज्याचे वळण बदलले नाही असे अक्षर 'ढ', म्हणून जो बदलत नाही तोही 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. पातळीनुसार केलेला गट जर वर्षभर तोच राहिला, तर तो ह्याच अर्थाने 'ढ' होतो. मग त्यास कितीही गोंडस नाव द्या, तिसऱ्या दिवशी मुलांस त्याचा अर्थ कळतो.

म्हणून तीन पथ्ये पाळावीत. गट विषयापुरता असावा. वाचनात मागे असलेले मूल गणितात पुढे असू शकते. गट दिवसातील तासा-दोन तासांपुरता असावा. उरलेला वेळ मुलांनी एकत्रच शिकावे, कारण गोष्ट, गाणे, प्रयोग आणि खेळ ह्यांस पातळी लागत नाही. आणि गट चल असावा. दर काही आठवड्यांनी पुन्हा पाहून मूल वरच्या गटात जावे. ज्या गटातून महिनोन्महिने कोणीच बाहेर पडत नाही त्या गटातील मुलांची नव्हे, तेथील अध्यापनाची तपासणी करावी. शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाने सर्वांत मागे असलेला गट घ्यावा, हे चौथे पथ्य म्हणून सांगता येईल. प्रत्यक्षात बहुधा ह्याच्या उलट घडते.

७. समारोप

विद्यार्थ्यांच्या भिन्नत्वास न्याय देणे म्हणजे तीस मुलांसाठी तीस पाठ तयार करणे, असा समज करून घेऊन पुष्कळ शिक्षक हे काम अशक्य मानतात. ते तसे नाही. तीस मुलांच्या गरजा बहुधा चार-पाच प्रकारांत मावतात. ते प्रकार ओळखण्याची दृष्टी, त्यांसाठी दिवसातील एक निश्चित तास आणि अडल्यास करून दाखविणारा सोबती, एवढे मिळाले तर सामान्य शिक्षक हे काम करू शकतो, ह्याची साक्ष बिहार, हरयाणा व कर्नाटक येथील शिक्षकांनी दिली आहे. ह्यांपैकी दृष्टी देणे हे अध्यापक विद्यालयांचे व विद्यापीठातील शिक्षणशास्त्र विभागांचे काम आहे. तास आणि सोबती देणे हे शासनाचे. शिक्षकावर केवळ अपेक्षा लादून ह्या दोघांपैकी कोणासही आपल्या वाट्याच्या कामातून सुटता येणार नाही.

पाचवीच्या वर्गात ज्या मुलास दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही त्याच्याजवळ फारसा अवधी उरलेला नसतो. सहावीत इतिहास, भूगोल, विज्ञान सारेच वाचून शिकावे लागते, आणि तेथे अक्षरओळख शिकविण्यास कोणाचा तास नसतो. म्हणून शाळा सुरू होताच पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलास जवळ बसवून 'हे वाचून दाखव बरे' असे म्हणण्यापासून प्रारंभ व्हावा, आणि त्याने जेथवर वाचले तेथूनच त्याचा पुढचा पाठ सुरू व्हावा.